गुरूविना गणित

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मला भेटावयास आली. बारावीला तिने विज्ञान शाखा घेतली होती. पण गणित सोडून जीवशास्त्र पत्करले होते. तिने परिचारिका व्हावे ही घरच्यांची इच्छा. आपल्या वसईत कितीतरी कुटुंबे या व्यवसायाच्या आधाराने उभी राहिली आहेत, तेव्हा त्या इच्छेत वावगे काही नव्हते. परंतु बारावीनंतर तिचे मन वळले. तिला संख्याशास्त्राची पदवी घ्यावयाची होती आणि त्यासाठी बारावीच्या दर्जाचे गणित हवे होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे त्या एका विषयाची परीक्षा देता येते, याची चौकशी तिने स्वतःच केली होती. अडचण होती ती शिकवणीची. आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जाते. त्या कमाईतून शिकवणीवर्गाची फी निघणे शक्य नव्हते.

‘‘फादर, कुणी न शिकवता गणित येतं का?’’ तिने विचारले.

‘‘एकलव्याला धनुर्विद्या आलीच की!’’ मी म्हणालो. ती समाधानाने परतली, आणि चांगला सल्ला दिल्याच्या समाधानात मीही राहिलो.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. सुवाच्य अक्षर, पानापानावर लाल शाईची बरोबरची खूण. मी कौतुकाचे शब्द बोलू लागलो तेव्हा तिने मान खाली घातली. ‘‘फादर, उत्तरं सगळी बरोबर आहेत, पण ती माझी नाहीत. अडलं की मी पुस्तकाचं शेवटचं पान बघते, आणि मग त्या उत्तरापर्यंत पोचेल असं काहीतरी लिहिते. आता सवयच लागली आहे.’’

तिला फसविणारे कोणी नव्हते, तिने कोणाला फसविलेही नव्हते. तरीही तिला अपराधी वाटत होते. हे अपराधीपण खरे की उगाचच, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे.

स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला नेमकी कशाची उणीव भासते? पुस्तकांची नव्हे, पाठ्यपुस्तके आज सहज मिळतात. त्याला उणीव असते ती साक्षीदाराची. वर्गात शिक्षक विचारतो, ‘ही पायरी कशी आली?’ घरी हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावा लागतो, आणि आपण स्वतःला सहसा अवघड प्रश्न विचारीत नाही. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना कित्येक व्याख्या मुखोद्गत केल्या. परीक्षेत त्या उतरविल्या, गुणही मिळाले. त्यांतील काही शब्दांचा अर्थ मला पुढे प्रवचने करू लागल्यावर उमगला. मधल्या काळात माझे अज्ञान कोणाच्याही, अगदी माझ्याही, ध्यानात आले नाही.

गणितात एवढा काळ असे राहता येत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. ‘क्ष + ६’ या राशीचे वर्गमूळ क्ष इतकेच आहे; तर क्ष किती? दोन्ही बाजूंचा वर्ग केला की ‘क्ष² − क्ष − ६ = ०’ हे समीकरण मिळते. अवयव पाडले की क्षच्या दोन किमती निघतात : ३ आणि −२. पायऱ्या सगळ्या निर्दोष. पण या किमती मूळ समीकरणात ठेवून पाहा. ३ ठेवले तर ९ चे वर्गमूळ ३, जमले. −२ ठेवले तर ४ चे वर्गमूळ २ येते, −२ नव्हे. म्हणजे दुसरी किंमत टाकून द्यावी लागते. वर्ग करताना धन आणि ऋण यांतील भेद पुसला गेला, आणि त्या फटीतून एक उपरे उत्तर आत शिरले. ते ओळखण्यासाठी गुरू लागत नाही. मूळ समीकरणाकडे परत जाण्याची तयारी तेवढी लागते. एकलव्यासमोरचा मातीचा द्रोण त्याची चूक दाखवू शकत नव्हता; ती त्याचा बाणच त्याला दाखवीत होता. गणितही असेच आहे. खोटे उत्तर त्याच संध्याकाळी उघडे पडते. मात्र पडताळा घेतला पाहिजे.

मग शेवटचे पान पाहणे हे पाप म्हणावे काय? येथे श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण मला मोलाचे वाटते. १९०३ साली, महाविद्यालयात जाण्यापूर्वी, कुंभकोणमच्या या मुलाच्या हाती कार नावाच्या इंग्रज गृहस्थाचा एक ग्रंथ आला. गंमत अशी की हे कार शिकवण्या घेणारे शिक्षक होते आणि ग्रंथ परीक्षार्थींच्या सोयीसाठी रचलेला होता. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे व सिद्धान्त ओळीने मांडलेले. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाही, असली तर दोन शब्दांची. म्हणजे तो सारा ग्रंथ उत्तरांच्या पानासारखाच होता! रामानुजन यांनी त्या उत्तरांपर्यंतच्या वाटा स्वतः शोधल्या, आणि त्यातून पुढची वाट काढली. दोष उत्तर ठाऊक असण्यात नसतो. न चाललेली वाट चाललो असे दाखविण्यात असतो. त्या मुलीला वाटलेले अपराधीपण म्हणूनच मला खरे वाटते.

रामानुजन यांची कथा येथेच थांबविली तर ती अर्धसत्य ठरेल. गणितापायी इतर विषय मागे पडले आणि त्यांची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्रे लिहिली, तेव्हा अद्भुत सूत्रांबरोबरच मूळ संख्यांविषयीची त्यांची काही विधाने चुकीची निघाली. एवढ्या प्रतिभावंतालाही ‘येथे चुकले’ असे सांगणारा सोबती लागला.

असाच सोबती आयुष्यभर शोधणारे एक गृहस्थ आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, १९०५ साली जन्मले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीला शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात स्थान नाही. संख्यांचे वेड मात्र विलक्षण. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आणि तीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ पासून आरंभ केला तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ हीच संख्या पुनःपुन्हा येत राहते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन स्थिरावते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडला. आपल्या पुस्तिका ते स्वतः छापून काढीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाने त्यांची दखल घेतली. तोवर कितीतरी वर्षे ते एकटेच गणित करीत होते; पण केवळ स्वतःपुरते करीत नव्हते.

संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या खंडात अशाच आपल्या तरुणपणाविषयी लिहिले आहे. तर्क, भूमिती, अंकगणित या विषयांवरचे ग्रंथ त्यांना गुरूच्या मदतीवाचून सहज समजले. ते विषय अवघड आहेत हे त्यांना कळले कधी? दुसऱ्यांना समजावून सांगू लागले तेव्हा. आणि मग ते स्वतःलाच विचारतात, या बुद्धीचा मला लाभ तरी काय झाला? एकट्याने मिळविलेले ज्ञान माणसाला सहज गर्विष्ठ करते. दुसऱ्याला शिकविताना त्या ज्ञानाचीही परीक्षा होते आणि गर्वाचीही.

आता माझ्या सल्ल्याविषयी. ‘एकलव्याला आलेच की’ हे उत्तर मी आज देणार नाही. एकलव्य एकटा शिकला तो त्याला कोणी शिकविण्यास तयार नव्हते म्हणून, आणि शेवटी अंगठाही त्याचाच गेला. गरिबाच्या मुलाला ‘स्वतः शीक’ असे सांगणे सोपे असते. त्यात आपली जबाबदारी झटकण्याची सोय असते. मार्च २०२१ मध्ये अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचे गणित सर्वांना सक्तीचे नसावे, अशी मुभा तंत्रशिक्षण परिषदेने पुढे आणली, तेव्हा देशभर वाद झाला. दार उघडे ठेवणे चांगलेच. पण दारापर्यंतचा खड्डा विद्यार्थ्याने एकट्याने भरावा काय, हा प्रश्न तेव्हाही उरला आणि आजही उरतो.

त्या मुलीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. उत्तरांची पाने दोऱ्याने बांधून ठेव. सोडविलेल्या उदाहरणाचा पडताळा घेतल्यावरच ती सोड. आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर दहावीच्या दोन मुलांना गणित समजावून सांग. धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांना मी त्या वेळी तेथे बसण्याची विनंती केली. ते फारसे बोलत नाहीत. मधूनच ‘हे कशावरून?’ एवढेच विचारतात.

तिने आधीच्या दोन महिन्यांची वही बाजूला ठेवून पहिल्या प्रकरणापासून पुन्हा आरंभ केला. नव्या वहीत लाल खुणा कमी आहेत. एका पानावर तर उदाहरण अर्धवटच सोडले आहे आणि खाली लिहिले आहे : ‘इथपर्यंत कळले. पुढे नाही.’ ते पान तिने मला आपणहून दाखविले.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एखादा निवृत्त शिक्षक आहे आणि दुपारी रिकामी राहणारी एखादी खोलीही आहे. तेथे दोन बाके आणि एक फळा ठेवावयास फारसा खर्च येणार नाही.