काढता येत नाही, पण हलवता येतं

सरकारी नोकराला कोणी काढू शकत नाही, हे आपल्याकडे इतकं सर्वमान्य झालंय की कोणी घटना उघडून पाहत नाही. घटनेचा अनुच्छेद 310 उलटंच सांगतो. केंद्राचा नोकर राष्ट्रपतींची आणि राज्याचा नोकर राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो. अनुच्छेद 311 त्या मर्जीला कुंपण घालतो. ज्याने नेमणूक केली त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही. आणि आरोप सांगून, चौकशी करून, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तर, अपवाद सोडले तर, कोणीच करायचं नाही.

ही मर्जीची कल्पना मुळात इंग्लंडच्या राजाची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात नेमणुकाही संचालकांच्या वशिल्यावर होत. 1854 मध्ये मॅकॉलेच्या समितीने अहवाल दिला, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि वशिला निदान दाराबाहेर थांबला. दाराच्या आत मर्जीच होती. सुरेंद्रनाथ बॅनर्जींना 1874 मध्ये आयसीएसमधून काढलं, ते दाद मागायला लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. पहिलं कुंपण 1919 च्या कायद्यात आलं, म्हणजे प्रांतांत भारतीय मंत्री येऊ घातले तेव्हा. साहेबाच्या नोकरीवर साहेबाचीच मर्जी होती तोवर कुंपणाची निकड कोणाला भासली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. 1935 च्या कायद्याने त्यात म्हणणं मांडण्याची संधी घातली, आणि हाच ढाचा स्वतंत्र भारताने उचलला.

जिच्या तुरुंगांत आपण वर्षं काढली त्या नोकरशाहीला संरक्षण कशासाठी, हा संविधान सभेतल्या अनेकांचा सवाल रास्तच होता. 10 ऑक्टोबर 1949 रोजी वल्लभभाई पटेलांनी त्याला उत्तर दिलं. मंत्र्याला न आवडणारं मत सचिवाने बेधडक फाइलवर लिहावं अशी त्यांची अपेक्षा होती आणि त्यासाठी त्याला पायाखाली घट्ट जमीन हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोकराचं संरक्षण ही मालकाची गरज आहे, ही कल्पना इथे पहिल्यांदा स्पष्ट झाली. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा विचार हाच.

पुढे कुंपण खालीच येत गेलं. आयसीएसवाल्यांना खास हमी देणारा अनुच्छेद 314 1972 मध्ये गेला. 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षेपूर्वी पुन्हा एकदा बाजू मांडण्याची संधी काढून घेतली. 1985 मध्ये तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अपवादात्मक परिस्थितीत चौकशीशिवायही बडतर्फ करता येतं, यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही लोकांना कुंपण उंच वाटतं, कारण विभागीय चौकशी वर्षानुवर्षं चालते, निलंबित माणूस निर्वाह भत्ता घेत घरी बसतो आणि निकाल लागेपर्यंत निवृत्त होतो. हा दोष घटनेचा नव्हे, चौकशी करणाऱ्यांच्या आळसाचा आहे.

नियमांत याहून अजब गोष्टी दडलेल्या होत्या. 1951 साली आयएएसमध्ये आलेल्या अ‍ॅना मल्होत्रा यांच्या नेमणुकीच्या आदेशातच, लग्न केलंत तर सेवा संपेल, असं बजावलेलं होतं. पुढे नियम बदलला, आणि याच बाई आपल्याकडे न्हावा शेवा बंदराच्या उभारणीच्या प्रमुख झाल्या. परराष्ट्र सेवेत स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे. पुरुषाला तशी अट नव्हती. सी. बी. मुथम्मा यांनी बढती नाकारली गेल्यावर हे न्यायालयापुढे मांडलं. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खरमरीत निकाल लिहिला, पण तोवर सरकारने बढती दिली होती आणि वादातले नियम मागे घेण्याची तयारीही दाखवली होती. समानतेची हमी देणारी घटना लागू होऊन तेव्हा एकोणतीस वर्षं उलटली होती! सेवानियम आपणहून जुने होत नाहीत, कोणीतरी कोर्टात गेल्यावरच होतात.

पण बडतर्फी हे सत्तेचं रोजचं हत्यार कधीच नव्हतं. रोजचं हत्यार बदली. तिला चौकशी लागत नाही, आरोपपत्र लागत नाही, कारण म्हणून ‘प्रशासकीय’ एवढा शब्द पुरतो. मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटतात, साइड पोस्टिंग मिळते, नाहीतर माणूस पदाविना प्रतीक्षेत बसतो. पटेलांना जो सचिव बेधडक लिहायला हवा होता त्याला गप्प करायला एवढं पुष्कळ झालं. अण्णा हजारेंच्या आंदोलनामागून महाराष्ट्राने बदल्यांचा कायदा केला, तो 2006 मध्ये लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे मध्येच. मात्र विशेष कारण लेखी नोंदवून वरच्यांची मंजुरी घेतली की मुदतीआधीही बदली करता येते, आणि ही फट इतकी रुंद आहे की महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) बदल्यांची प्रकरणं कधी खंडत नाहीत. आयएएस अधिकारी तुकाराम मुंढे यांच्या वीसहून अधिक बदल्या याच कायद्याच्या राज्यात झाल्या. 2013 मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तोंडी हुकूम लेखी नोंदवा आणि बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळ नेमा असे आदेश दिले. तोंडी हुकमांबद्दलची तरतूद केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत आधीपासून होती.

दरम्यान ‘आधुनिकीकरण’ जोरात चाललं. केंद्रात 2004 पासून, महाराष्ट्रात नोव्हेंबर 2005 पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन गेली. त्यावरून मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. 2018 पासून बाहेरच्या तज्ज्ञांची थेट नेमणूक सुरू झाली, 2020 मध्ये नोकरांच्या प्रशिक्षणाचं मिशन कर्मयोगी आलं. येण्याचं दार बदललं, जाण्याचं दार बदललं. प्रशिक्षण सोडलं तर मधली तीस-पस्तीस वर्षं तशीच राहिली.

वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 310 आणि 311 दोन्ही रद्द करून सेवाशर्तींचा कायदा अनुच्छेद 309 खाली करावा, असं सुचवलं होतं. 311 काढायला माझा विरोध आहे. पण कायद्याची सूचना मोलाची आहे. विधिमंडळ कायदा करेपर्यंत सरकारने नियम करावेत, अशी तात्पुरती सोय 309 मध्ये आहे. त्या सोयीवर केंद्राचे 1964 चे वर्तणूक नियम आणि 1965 चे शिस्तीचे नियम आजही उभे आहेत. ज्याला गप्प नोकर सोयीचा, नियम लिहिण्याची लेखणीही त्याच्याच हाती. केंद्रीय नोकरांची मुदत, बदली आणि बढती एकत्र बांधणारा सर्वंकष कायदा संसदेने 1950 पासून आजवर केलेला नाही.