अस्सल नक्कल

पिंपरी-चिंचवडकडच्या माणसाला तत्त्वज्ञान शिकायला काशीला जावे लागत नाही. स्कूटरचा एखादा पार्ट घ्यायला दुकानात गेले की पुरते. काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट?" सत्य आणि माया यांवर मोठमोठ्या आचार्यांनी जे ग्रंथ लिहिले, ते सगळे या चार शब्दांत आले. फरक एवढाच, की आमच्याकडे माया निम्म्या किमतीत मिळते आणि तिला गॅरंटी नसते.

आता डुप्लिकेट म्हणजे पाप का? मी पडलो बी. कॉम. आम्हाला नीतिशास्त्र नव्हते, ऑडिटिंग होते. तरीही हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला, तो स्वस्तातल्या युद्धपटांमुळे. १९८० च्या आसपास इटलीतल्या मंडळींनी जंगलातल्या लढायांचे जे सिनेमे काढले, ते मी भक्तिभावाने पाहतो. आमची ही म्हणते, "त्यात काय पाहायचं? दर पाच मिनिटांनी एक झोपडी पेटते." खरे आहे. मला तर दाट संशय आहे, की एकच झोपडी तीन बाजूंनी पेटते. पण काटकसर हा संसारात गुण असेल, तर सिनेमात तो दोष कसा?

या सिनेमांची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. कपोलासाहेबांनी १९७९ साली 'अपोकॅलिप्स नाऊ' आणला. लढाई व्हिएतनामची, चित्रीकरण फिलिपीन्समध्ये. १९७६ च्या वादळाने सेट उडवून नेले. सरकारकडून भाड्याने घेतलेली हेलिकॉप्टरे चित्रीकरण सोडून खऱ्या बंडखोरांच्या मागे निघून जात. नायकाला हृदयविकाराचा झटका आला. खर्च ३ कोटी डॉलरच्या वर गेला. लगेच पुढच्या वर्षी अंतोनिओ मार्गेरिती हे इटालियन गृहस्थ त्याच फिलिपीन्समधून 'द लास्ट हंटर' काढून मोकळे! हा माणूस छोट्या प्रतिकृतींचा उस्ताद. दुसऱ्याला जिथे खरा पूल उडवावा लागे, तिथे याचे काम टेबलावर भागे. मग १९८७ साली ब्रूनो मात्तेईंनी 'स्ट्राइक कमांडो' काढला. त्यातला नायक म्हणजे रॅम्बोचा सख्खा भाऊ; फक्त रेशनकार्डावर नाव नाही.

आमच्या शाखेतले एक सहकारी फार करारी. ते म्हणाले, "अहो, चोरी ती चोरी. गरिबाने केली म्हणून तिला कलाकृती म्हणायचं का?" प्रश्न रास्त होता. गरिबी ही सबब आहे, सर्टिफिकेट नव्हे. शिवाय कमी भांडवलात लढाई कशी करावी, हे आमच्या भागाला बाहेरच्यांनी शिकवायला नको. १६६० साली चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाची अफाट फौज जवळजवळ दोन महिने रोखून धरली. त्यांनी कमी बजेटची सबब सांगितल्याचे कोणत्याही बखरीत नाही.

तेव्हा मी कॅशियरच्या बुद्धीने विचार केला. खोटी नोट आणि मुलांच्या 'व्यापार' खेळातली नोट, दोन्ही नकलाच. एकीपायी पोलीस येतात. दुसरीवर मुले दुपारभर अख्खी मुंबई विकत घेतात. मग फरक कशात? कागदात नाही, छपाईत नाही. खेळातली नोट 'मी खरी आहे' असे म्हणत नाही, एवढ्यातच आहे. नक्कल हे पाप नव्हे, स्वस्ताई तर नव्हेच. पाप असलेच तर ते पाटीत आहे.

या कसोटीला आमचे इटालियन मित्र जरा डगमगतात. मार्गेरिती पडद्यावर 'अँथनी एम. डॉसन' होत, मात्तेई 'व्हिन्सेंट डॉन'. अमेरिकन नावाशिवाय माल खपत नसे. म्हणजे पाटी खोटी. पण ती रंगवून घेणारे कोण? गिऱ्हाईकच! आपल्याकडेही चांगला पार्ट बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला तो दुसऱ्याच्या खोक्यात घालून विकायचा मोह होतो, कारण आपण लोखंड पाहत नाही, खोके पाहतो. आणि अमेरिकन माल तरी कुठे अस्सल? रॅम्बोच्या १९८५ च्या सिनेमातले व्हिएतनामचे जंगल मेक्सिकोतले होते.

पाटी न बदलता हाच धंदा करणारे लोक मात्र आपल्या महाराष्ट्रात निघाले, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात. यंत्रमागांचे गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. गावाचे नाव सिनेमाच्या नावातच! पुढे त्यांनी सुपरमॅनही केला. कॅमेरा कधी सायकलवर, कधी बैलगाडीवर. अमेरिकेचा सुपरमॅन आपली चड्डी कशी टिकते हे गुपित ठेवतो. मालेगावच्या सुपरमॅनचा नाडा सरळ बाहेर लोंबतो. नाडा न लपवणे, यालाच मी सचोटी म्हणतो.

करारी सहकाऱ्यांना मी 'शोले'ची (१९७५) वंशावळही ऐकवली. तो कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'चा आणि इटालियन सर्जिओ लिओनेंच्या घोडेस्वारांचा ऋणी. लिओनेंनी १९६४ साली कुरोसावांचाच 'योजिंबो' न विचारता उचलला, शिवाय नाव लावले 'बॉब रॉबर्टसन'. जपानी मंडळींना त्यांना पैसे मोजावे लागले. म्हणजे टोकियो, रोम, मुंबई, मालेगाव अशी ही उसनवारी. या साखळीत आपला पत्ता खरा सांगणारा शेवटचा, तोच सगळ्यांत गरीब.

तो सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावर काम करत. सिनेमात ते तंबाखूच्या व्यापाऱ्याशी लढले. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ते हिरव्या कापडापुढे उडताना दिसतात. २०११ साली ते कर्करोगाने गेले. अंगरखा नकली होता, तंबाखूवरचा राग नव्हता. त्यांच्या उडण्याला डुप्लिकेट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कर्जाच्या अर्जावर तारण विचारायची आम्हाला सवय. या माणसाने तारण म्हणून स्वतःलाच ठेवले होते.

गंमत पुढेच आहे. २०२४ साली मुंबईच्या रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला. त्यात नामवंत नट मालेगावकरांची नक्कल करतात, भरपूर पैसे खर्चून! आता यात ओरिजिनल कोणता आणि डुप्लिकेट कोणता, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. आमच्या खिडकीवर चौकशी करू नये. तिथे जेवणाच्या सुट्टीची पाटी आहे, आणि ती अस्सल आहे.