हात लावू नका

आमच्या राईच्या शाळेतला एक मुलगा परवा खाजणातून एक गंजका डबा उचलून वर्गात घेऊन आला. "सर, यात काय असेल?" आम्ही झाकण काढले. आत चिखल आणि एक रागावलेला खेकडा! वर्ग हसला. मी मुलाची पाठ थोपटली. दिसेल ते उचलावे, उलटून पाहावे, विचारावे, हेच तर मी वीस वर्षे शिकवीत आलो.

रात्री मनात आले, हा मुलगा राजौरी-पूंछकडे, नियंत्रण रेषेलगत जन्मला असता तर? तिथल्या मास्तराला पहिला धडा उलटाच द्यावा लागतो. अनोळखी वस्तूला हात लावू नका, मळलेली वाट सोडू नका, आल्या पावली मागे फिरा आणि मोठ्यांना सांगा. हे शिक्षण, की शिक्षणाचा पराभव?

१९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांनी जखमी अंगाने काढले. मुंबई सॅपर्सच्या या अधिकाऱ्याला हयातीत परमवीर चक्र मिळाले. १९४९ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आले. युद्धबंदी मोडली का, हे पाहून लिहून ठेवणे हे त्यांचे काम. पण सुरुंगाला युद्धबंदी कळत नाही. २००१ च्या डिसेंबरनंतर सीमेवर पुन्हा सुरुंग पेरले गेले. पेरणारा घरी परततो. पाऊस आणि बर्फ सुरुंगाला जागेवरून हलवतात आणि नकाशा खोटा पडतो.

बंदूकवाल्याला समोर मूल दिसले, तर बोट आवरता येते. सुरुंग पेरणारा मात्र दया करण्याचा आपला हक्क आधीच सोडून देतो. सुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारावर भारताची सही नाही. लांब सीमा राखायची आहे, हे त्याचे कारण. ते पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पहाऱ्यावरचा जवानही कुणाचा तरी मुलगाच. तरीही जे युद्ध आपण पाहिलेच नाही, त्याची किंमत एखाद्या पोराने पायाने चुकवावी, हे मला पटत नाही.

मग त्या मास्तराचा धडा पराभव नव्हे. मोठ्यांनी करून ठेवलेले कर्ज तो बिचारा फेडतो आहे. ज्या दिवशी तोही मुलाला निर्धास्तपणे म्हणेल, "उचल, बघू काय आहे ते," त्या दिवशी लढाई संपली असे मी समजेन.