टेबलावर आपण असलो तर?

ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्यांना चेकलिस्टबद्दल विचारलं, तेव्हा साधारण पाचातल्या एकाने नाक मुरडलं. वेळ जातो, वापरायला सोपी नाही. मग त्यांना विचारलं, उद्या तुमचंच ऑपरेशन असेल तर ती वापरावी का? ९३ टक्के 'हो' म्हणाले.

स्वतःसाठी हवी, पण दुसऱ्यासाठी कटकट. या फरकाला काय म्हणायचं?

ही यादी तयार करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. २००८ साली आलेल्या या यादीत फक्त १९ मुद्दे आहेत. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

पुढे खास आणीबाणीसाठी याद्या झाल्या. हृदय बंद पडलं, रक्तस्राव थांबत नाही, अशा वेळी काय काय करायचं याच्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १७ टीमना अशा १०६ नकली प्रसंगांत उतरवलं. यादी नसताना २३ टक्के महत्त्वाच्या गोष्टी राहून गेल्या, यादी हातात असताना ६ टक्के. माणसं तीच होती, शिक्षणही तेच.

तरी अडतं कुठे? आपल्याकडे पाठ असणं म्हणजे येणं. कागद बघणारा कच्चा. पण सत्यनारायण सांगणारे गुरुजी शेकडो वेळा सांगूनही पोथी उघडतात, तेव्हा त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. घाबरलेल्या क्षणी पाठ केलेलंही आठवत नाही. हा माणसाच्या मेंदूचा स्वभाव आहे, त्यात कमीपणा कसला?

खरी अडचण मला वेगळी वाटते. यादी वाचायची म्हणजे कुणीतरी कुणालातरी प्रश्न विचारायचा. आणि बहुतेक वेळा तो सिस्टरने सरांना विचारायचा.

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यासारख्या गावाची कल्पना करा. रात्रीचं सिझेरियन आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावलेत, सिस्टर त्यांना पहिल्यांदाच बघतेय. यादी सांगते, चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगा. मोठ्या शहरात हे नाटकी वाटेल, इथे ती खरीच पहिली ओळख असते. यादी हेही विचारते, ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का? यादी रक्त आणून देत नाही, हे खरंच. पण हा प्रश्न चिरा देण्याआधी विचारला, तर रक्ताची सोय करायला किंवा पुढे पाठवायचं ठरवायला थोडा तरी वेळ मिळतो. नंतर तो उरत नाही.

मग सक्ती करावी का? कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती झाली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. असं का, यावर वाद आहेत. पण एक शंका आपल्याला ओळखीची वाटेल. खुणा झाल्या, प्रश्न विचारलेच गेले नाहीत. रजिस्टर भरायची आपल्याला सवय आहे. 'विचारलं' असं लिहिणं सोपं आहे, विचारू देणं अवघड.

म्हणून मला हा नैतिक प्रश्न वाटतो. विसरणं हा गुन्हा नाही, तो कुणाकडूनही होईल. पण आपण विसरू शकतो हे माहीत असताना, आठवण करून देणाऱ्या माणसाला 'मला शिकवू नकोस' म्हणून गप्प करणं, ही मात्र निवड असते. तिची किंमत बेशुद्ध माणूस मोजतो, आणि त्याला काही विचारता येत नाही.

ते ९३ टक्के दुटप्पी होते असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या प्रश्नाने त्यांना क्षणभर टेबलावर झोपवलं, एवढंच. तिथून बघितलं की दोन मिनिटं फार वाटत नाहीत, आणि सरांना टोकणारी सिस्टर आगाऊ वाटत नाही. ती आपली वाटते.