मांजरीला माफी, माणसाला नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या पडवीतल्या सरपणाआड मांजरीचे एक पिल्लू येऊन बसले. उंदरांनी तेव्हा तांदळाच्या पिंपापर्यंत मजल मारली होती, म्हणून आम्ही त्याला हाकलले नाही. भातात कुस्करलेली मांदेलीची डोकी आणि निजायला जुने गोणपाट, एवढ्यावर ते राहिले. त्याचे नाव आम्ही चिमी ठेवले.

चिमी मोठी झाली आणि तिचा स्वभाव कळू लागला. ती कमालीची लहरी आहे. हाक मारली तर कान हलवते, पण येत नाही. उचलून घेतले तर अंग ताठ करून उडी मारते. दिवसचे दिवस आमच्याकडे बघतही नाही. मग एखाद्या संध्याकाळी आम्ही रोझरीला बसलो की ती आपणहून येते, मांडीवर गोल होऊन बसते आणि घुरघुर सुरू करते. पायाला मुंग्या येतात, तरी आम्ही हलत नाही. उठलो तर ती जाईल आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही!

आमच्या घरात आत्याही राहतात. वय ८१. लग्न केले नाही. भाऊ अकाली गेला तेव्हा आत्याच पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरला जात. त्या फुलांच्या पैशांतून भावाच्या मुलांच्या फिया भरल्या गेल्या. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, ऐकू कमी येते, रात्री झोप लागत नाही. आत्याही लहरी आहेत. एखाद्या दुपारी घरच्या सुनेला जवळ बसवून तिच्या केसांना तेल लावून देतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच हातचा चहा न पिता बाजूला सरकवतील.

गेल्या वर्षीच्या एका रविवारची गोष्ट. मिस्साहून आल्यावर आम्ही चिमीचे पोट खाजवत बसलो होतो. तिने एकाएकी पंजा मारला. मनगटावर तीन ओरखडे उठले, रक्त आले. आम्ही हसलो. जखम साबणाने धुतली, औषध लावले आणि दुपारी जेवायला आलेल्या पाहुण्यांना ते ओरखडे कौतुकाने दाखवले. त्याच जेवणात आत्या कालवणाचा पहिला घास घेऊन सर्वांसमोर म्हणाल्या, "बाजारात मीठ मिळेनासं झालं का गं?" पाहुणे हसले. आम्हांला ते लागले. दोन दिवस आम्ही आत्यांशी कामापुरतेच बोललो.

मंगळवारी संध्याकाळी चिमी मांडीवर बसली असताना आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "त्या मांजरीनं रक्त काढलं तर हसलात. मी एक शब्द बोलले तर दोन दिवस तोंड फिरवलंत."

आमच्याकडे उत्तर नव्हते.

खरे तर एक उत्तर ओठांवर आले होते: 'आत्या, ते मुके जनावर आहे.' पण ते बोललो नाही हे बरे झाले. त्या एका वाक्याचा विचार आम्ही अजून करतो आहोत आणि तोच आज आपल्यापुढे मांडतो आहोत. जनावराच्या लहरी आपण इतक्या सहज सोसतो, मग माणसाच्या का सोसत नाही?

पहिले कारण असे की मांजराकडून आपली अपेक्षाच नसते. मांजर हे आज्ञा पाळणारे जनावर नव्हे. माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारे आली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर माणसाच्या दाराशी आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. इतका जुना सहवास असूनही मांजराने आपला मुखत्यार आपल्या हाती दिलेला नाही. पवित्र शास्त्रातही पाहा. तोबीतच्या पुस्तकात कुत्रा तोबियासच्या मागोमाग प्रवासाला निघतो. मांजराचा उल्लेख बारूखच्या सहाव्या अध्यायात ओझरता येतो, तोही बाबेलच्या देवळात मूर्तींच्या अंगाखांद्यावर जाऊन बसणारे मांजर म्हणून. तिथेही त्याला कुणाची भीडभाड नाही!

टोकियोतील सोफिया विद्यापीठ हे येशूसंघीय धर्मगुरूंनी स्थापन केलेले विद्यापीठ. तेथील संशोधक अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की मांजराला स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखता येते. म्हणजे आपण हाक मारतो ती चिमीला कळते. यायचे की नाही हे मात्र ती ठरवते. तसेच पुष्कळ मांजरांना ठरावीक वेळेपुढे कुरवाळणे सोसत नाही. शेपटीचे टोक हलू लागते, कान मागे जातात, अंगावरची कातडी थरथरते. ही सूचना ज्याने ओळखली नाही त्याला पंजा बसतो. त्या रविवारी चूक चिमीची नव्हती. शेपटी हलत होती आणि आमचा हात थांबला नव्हता.

इथे आम्हांला आमची खरी चूक दिसली. चिमीच्या शेपटीची भाषा आम्ही दोन वर्षांत शिकलो. आत्यांबरोबर एका छपराखाली आमची बावीस वर्षे गेली, तरी त्यांची भाषा आम्ही शिकलो नव्हतो. रात्रभर गुडघा ठणकला की सकाळचा चहा त्यांना कडू लागतो. भावाच्या पुण्यतिथीची मिस्सा जवळ आली की त्यांचा आवाज चढतो. घरात पाहुणे आले आणि कुणी त्यांना काही विचारले नाही की त्या असे काही तरी बोलतात, ज्याने सगळ्या माना त्यांच्याकडे वळतील. त्या रविवारी पाहुण्यांशी आम्ही तासभर मांजरीबद्दल बोललो होतो. आत्यांना कुणी 'कशा आहात?' एवढेही विचारले नव्हते.

ख्रिस्तसभेने याबाबत आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयी चार परिच्छेद आहेत (२४१५ ते २४१८). प्राणी परमेश्वराची निर्मिती आहेत, त्यांना दयेने वागवणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्यांच्यावर माया करण्यात गैर काही नाही, असे तिथे सांगितले आहे. त्याचबरोबर, जी माया केवळ माणसाच्या वाट्याची आहे ती प्राण्यांकडे वळवू नये, असेही बजावले आहे. पूर्वी हे वाचताना आम्हांला वाटे, हे कुत्र्यांना कपडे शिवणाऱ्या श्रीमंतांसाठी लिहिले असावे. आत्यांच्या त्या वाक्यानंतर ते आमच्यासाठीच लिहिले आहे असे वाटले. चिमीवरची आमची माया कमी व्हायला हवी होती असे नाही. आत्यांच्या वाट्याचा धीर मात्र आम्ही चिमीवर खर्च करत होतो, कारण तिथे तो स्वस्त पडत होता.

मग उपाय काय? आमच्या एका हितचिंतकांनी सोपा उपाय सांगितला: "म्हातारं माणूस म्हणजे लहान मूल. मनावर घेऊ नका. मांजरीचं घेता का? तसंच समजा." सल्ला मायेचा होता. आठवडाभर आम्ही तसे वागूनही पाहिले. आत्या काही बोलल्या की आम्ही एकमेकांकडे बघून हसत असू आणि पुढे जात असू. घरात भांडण झाले नाही. पण त्या आठवड्यात आत्या गप्प होत गेल्या. त्यांच्या रागालाही आता घरात किंमत उरली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ज्याच्या बोलण्याने कुणालाच काही लागत नाही, त्याला घरातल्या माणसांत कोण धरते?

मांजरीला माफ करायला आपल्याला काही पडत नाही, म्हणून ती खरी माफी नव्हेच. चिमीने वचन दिले नव्हते, ते मोडण्याचा प्रश्नच नाही. माणसाचे तसे नाही. आत्यांचे बोलणे लागते, कारण त्या आपल्या आहेत आणि आपल्या माणसाकडून आपण काही अपेक्षा धरतो. अशी अपेक्षा धरणे हाही त्या माणसाचा मानच आहे. तो काढून घेऊन दिलेली शांतता म्हणजे एक प्रकारचे दुर्लक्षच. (इथे एक सांगणे आवश्यक आहे. आम्ही लहरीपणाबद्दल बोलत आहोत. ज्या घरात मारहाण होते, माणसाला धाकात ठेवले जाते, तिथे 'सोसा' असे सांगणे पाप ठरेल. तिथे मदत मागितली पाहिजे आणि आपण ती दिली पाहिजे.)

प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५:११-३२) आपण बहुतेक वेळा धाकट्याकडे पाहतो. थोरल्याकडे पाहा. तो हिशेब ठेवणारा आहे. इतकी वर्षे राबलो आणि आपल्याला एक करडूही मिळाले नाही, हे त्याच्या खात्यात लिहिलेले आहे. तो रागाने दाराबाहेर उभा राहतो. पिता काय करतो? 'तो तसलाच आहे, राहू दे' म्हणून मेजवानी पुढे चालू ठेवत नाही. त्याच्याशी अबोलाही धरत नाही. तो उठून बाहेर जातो आणि त्याची समजूत घालतो. त्याचे म्हणणे ऐकून घेतो, स्वतःचे म्हणणे सांगतो. थोरला आत आला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. पिता बाहेर आला एवढे मात्र सांगितले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीप्रमाणे प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. म्हणजे प्रेमाचे मूळ इच्छाशक्तीत आहे. लहर आपल्या हाती नसते. आज मन प्रसन्न असते, उद्या नसते. चिमीपाशी लहरच आहे, म्हणून तिचे प्रेम कधीमधी येते आणि जाते. ते आले की आपण ते दान म्हणून घ्यावे, आणि एवढे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे: माया ओढून घेता येत नाही. माणसापाशी लहरीबरोबर इच्छाही आहे. मन नसतानाही आपण उठून चहा करू शकतो, मन नसतानाही 'माझे चुकले' म्हणू शकतो. मांजर हे करू शकत नाही. आपण करू शकतो आणि करत नाही, तिथेच प्रायश्चित्त संस्काराची गरज लागते.

आणि परमेश्वरापुढे आपण स्वतः कसे आहोत? परीक्षा आली, व्हिसा अडला, दवाखान्यातून रिपोर्ट यायचा असला की नोव्हेनाला आपली रांग लागते. काम झाले की आपण सरपणाआड. तो नावाने हाक मारतो, ती आपल्याला कळते, कान हलतात, पण आपण येत नाही. तरी त्याने आपली ताटली कधी उचलून ठेवलेली नाही. मात्र आपल्याला मांजर समजून त्याने आपल्याकडून अपेक्षा धरणे सोडून दिले, असेही झालेले नाही. तो वाट पाहतो आणि बोलावतो, कारण त्याने आपल्याला लेकरे मानले आहे.

त्या आठवड्याच्या अखेरीस आम्ही आत्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसलो. कानाजवळ तोंड नेऊन म्हणालो, "आत्या, त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोललात ते आम्हांला लागलं. पण नंतर आम्ही अबोला धरला, ते आमचं चुकलं." आत्या बराच वेळ खिडकीबाहेर केळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कालवणात मीठ कमीच होतं." आणि थोड्या वेळाने, "चहा टाका. तिघांचा."

आत्या अजून लहरी आहेत. चिमीही. आम्हीही काही बदलून संत झालेलो नाही. परवाच पुन्हा आवाज चढला. फरक एवढाच की आता तो आवाज दोन दिवस घरात साठून राहत नाही. संध्याकाळी रोझरी संपली की आधी आत्यांना विचारतो, गुडघा कसा आहे. चिमी तोवर मांडीवर असली तर तिला खाली उतरवावे लागते. ती रागावून पडवीत निघून जाते.

या आठवड्यात आपल्या घरातल्या एका लहरी माणसाकडे असेच उठून जाऊन पाहूया.