ताप नव्हता

गेल्या तीन वर्षांत मला अकरा वेळा व्हायरल ताप आला. थर्मामीटर मात्र एकदाही लावावा लागला नाही.

खरा आजार एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यांजवळ वाढतात आणि पाळीत तिथेही सूज येते. माझी सोनोग्राफी दोनदा ‘नॉर्मल’ आली होती. दुर्बिणीतून तपासलं तेव्हा कुठे दुखण्याला नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. आमच्या ऑफिसात मात्र कुणालाच नाही. सगळ्यांना तापच येतो.

हे खोटं बोलणं चूक आहे का?

बराच काळ मला वाटायचं, नाही. माझ्या पोटात काय चाललंय हे मॅनेजरला कळायलाच हवं, असं थोडंच आहे? शिवाय हिशोबही होता. फ्लॅटचा हप्ता पगारातून जातो, ऑपरेशनचा खर्च कंपनीच्या विम्यातून झाला. नोकरी गेली आणि स्वतःची नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. जुलै २०२४ मध्ये मासिक पाळीच्या रजेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही भीती बोलून दाखवली होती, की अशी रजा सक्तीची केली तर कंपन्या बायकांना नोकरी देणं टाळतील. मग मी कशाला आ बैल मुझे मार करू?

मग टीममध्ये एक फ्रेशर आली. एका सकाळी तिचा मेसेज आला, “ताई, आज येत नाही. ताप आहे.” आदल्या संध्याकाळी ती पॅन्ट्रीत पोट दाबून उभी होती, ते मी पाहिलं होतं. मी लिहिलं, “काळजी घे.” फोन खाली ठेवला आणि लाज वाटली.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. ज्या बगची नोंद नाही, तो कुणी दुरुस्त करत नाही. माझ्या अकरा तापांनी अकरा नोंदी पुसल्या होत्या. माझं खोटं माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. तिच्यासाठीही तीच वाट मळली होती.

तरी तिने खरं बोलावं असं मी म्हणणार नाही. ती प्रोबेशनवर आहे, घरी पैसे पाठवते. खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून ज्याला ती थोडी तरी परवडते, त्याने आधी मोजावी, एवढंच मला पटतं. माझ्याकडे सहा हप्त्यांएवढे पैसे बाजूला आहेत.

गेल्या महिन्यात रजेच्या कारणात मी ‘एंडोमेट्रिओसिस’ लिहिलं. मॅनेजरचं उत्तर आलं, “ओके.” त्याचा अर्थ अप्रेझलला कळेल.

दुसऱ्या दिवशी फ्रेशरने जेवताना हळूच विचारलं, “ताई, तुमची डॉक्टर कोण?”

मी नंबर दिला.