साक्षीची रास
वैऱ्याशी केलेल्या कराराविषयी उपदेश

शास्त्रवाचन : उत्पत्ती, अध्याय ३१, ओव्या ४३ ते ५५.



याकोब व लाबान ह्यांची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचिली जाते; परंतु तिच्या शेवटाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वीस वर्षे सासऱ्याने जावयास राबविले व त्याची मजुरी पुन्हा पुन्हा बदलली. शेवटी जावई काही न सांगता बायकामुले व मेंढरे घेऊन निघाला. लाबानाने आपले भाऊबंद घेऊन सात दिवस पाठलाग केला आणि गिलाद डोंगरावर त्यास गाठले. दोघांचे तळ समोरासमोर पडले. रक्त सांडावयास कारणांची वाण नव्हती. तथापि ते सांडले नाही. त्यांनी धोंडे गोळा करून रास केली, तेथे एकत्र भोजन केले, आणि वाईट हेतूने ही रास कोणी ओलांडावयाची नाही असा ठराव केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दिवशी लाबान सज्जन झाला असे शास्त्र सांगत नाही. याकोबाचा त्याजवर विश्वास बसला असेही सांगत नाही. विश्वास असता तर धोंडे वाहण्याचे कारणच काय होते? ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, त्यांच्यासाठीच करार असतो. आजच्या उपदेशाचा मुद्दा एवढाच आहे.

शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. ज्या शेजाऱ्याने बांध कोरला, त्याच्याशी आपली मैत्री नसते. तरी मोजणी करून हद्दीचा दगड रोवला जातो. दगडाने मन बदलत नाही, परंतु कुऱ्हाड उगारण्याचा प्रसंग टळतो, आणि दोघांची मुले जिवंत राहतात. मने पालटण्याचे काम पुढे देवाच्या कृपेने होऊ शकते. पण त्यासाठी माणसे आधी जिवंत असावी लागतात.

करार मोडला म्हणजे काय होते, हे नांदेड-लातूरच्या लोकांनी पाहिलेले आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबादचा निजाम व भारत सरकार ह्यांत एक वर्षाच्या मुदतीचा ‘जैसे थे’ करार झाला. तंटा पडल्यास तो पंचांपुढे न्यावा अशी सोय त्यात होती. परंतु पंच बसलेच नाहीत. दोन्ही पक्ष एकमेकांस करारभंगाचा दोष देत राहिले. इकडे कासिम रझवी, ज्याचे बिऱ्हाड लातुरात होते, त्याच्या रझाकारांनी गावोगाव लूट व खून मांडिले, आणि कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून पळाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य आत शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून आपण पाळतो, आणि तो आनंदाने पाळावा हे योग्यच आहे.

परंतु त्याच आठवड्यांत दुसरेही घडले. रझाकारांच्या पापाचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार ह्यांची समिती त्या वर्षाच्या अखेरीस येथे फिरली. मृतांचा आकडा तिने सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरला, आणि ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली त्यांत नांदेड व उस्मानाबाद ही नावे लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस घरात लपवून वाचविणारे हिंदूही त्या समितीस आढळले. त्यांनी कोणताही कागद सही केलेला नव्हता. तरी ते स्वतःच साक्षीची रास झाले.

ती लढाई पाच दिवसांत संपली. ज्या शस्त्रांविषयी आज बोलावयाचे आहे, त्यांस पाच दिवस लागत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली आणि एका मिनिटाच्या आत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. तथापि दिवस उजाडताच मदत निघाली. देशोदेशींहून डॉक्टर, अन्न व तंबू आले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहरावर एकच अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली, आणि मदत करावयाचे तेच डॉक्टर व परिचारिका बहुतेक मेलेल्या वा जखमी होत्या. भूकंपास माणसाची आज्ञा लागत नाही. ह्या नाशास लागते. यास्तव तो टाळणेही माणसाच्या हाती आहे.

भारताने १९७४ व १९९८ साली पोखरण येथे अणुस्फोट केले. १९९८ च्याच मे महिन्यात पाकिस्तानानेही केले. आज दोघांपाशी प्रत्येकी दीडशेहून अधिक अण्वस्त्रे आहेत असा जाणत्यांचा अंदाज आहे. अशा दोन वैऱ्यांमध्ये साक्षीची रास आहे काय? आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत राजीव गांधी व बेनझीर भुट्टो ह्यांच्या समक्ष एक करार झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही, आणि दरवर्षी १ जानेवारीस आपापल्या अणुकेंद्रांची यादी, ती कोठे आहेत हे अक्षांश-रेखांशांसह, दुसऱ्यास द्यावयाची, असे त्यात ठरले. आपल्या महाराष्ट्रात तारापूरची वीजभट्टी १९६९ पासून चालू आहे. तशा स्थळावर बाँब पडला तर त्याचे विष वाऱ्यापाण्याबरोबर किती गावांत जाईल, ह्याचा विचार करा.

पहिली यादी १ जानेवारी १९९२ रोजी दिली-घेतली गेली. पुढे १९९९ साली कारगिलची लढाई झाली. यादी थांबली नाही. संसदेवर हल्ला होऊन सैन्ये सरहद्दीवर उभी असता १ जानेवारी २००२ उजाडला. यादी थांबली नाही. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही देशांच्या राजधान्यांत एकमेकांचे उच्चायुक्त राहिले नाहीत. मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांनी यादी पोहोचविली. एप्रिल २०२५ मध्ये १९६० चा सिंधू पाणी करार भारताने स्थगित केला आणि मे महिन्यात दोन्ही देशांची विमाने व क्षेपणास्त्रे एकमेकांवर सुटली. तरी १ जानेवारी २०२६ रोजी यादी पुन्हा दिली गेली. ह्या कागदाने एकही बाँब कमी झालेला नाही, हे खरे आहे. परंतु मोठे करार कोसळत असता हे लहान धोंडे जागचे हलले नाहीत, हेही खरे आहे.

कोणी म्हणेल, ‘लहान धोंड्यांनी काय होणार? तलवारींचे फाळ होतील असे यशया संदेष्ट्याने जे पाहिले, ते कधी घडेल काय?’ बंधूंनो, त्याचा थोडा अंश आपल्याच काळात घडला आहे. अमेरिका व रशिया हे चाळीस वर्षांचे वैरी. १९८७ साली रेगन व गोर्बाचेव्ह ह्यांनी एक करार केला. त्याप्रमाणे २,६९२ क्षेपणास्त्रे मोडण्यात आली, आणि ती मोडली जात असता एका देशाचे निरीक्षक दुसऱ्या देशात उभे राहून पाहत होते. पुढे १९९३ पासून २०१३ पर्यंत रशियाच्या सुमारे वीस हजार बाँबांतले पाचशे टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेच्या वीजभट्ट्यांत जाळण्यात आले. जे शहरे जाळण्यासाठी साठविले होते, त्याने घरांत दिवे लागले. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती. आज सुमारे बारा हजार आहेत.

तथापि मी तुम्हांस खोटा धीर देणार नाही. १९८७ चा तो करार २०१९ साली संपुष्टात आला. उभय देशांच्या सज्ज अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये सरली. बारा हजार हा आकडाही जगाच्या नाशास पुरून उरेल एवढा आहे. रास एकदा रचली म्हणजे काम झाले असे नाही. पावसाने बांध खचतो, तो दरवर्षी घालावा लागतो.

दुसरा कोणी म्हणेल, ‘शत्रू दगलबाज आहे, त्याशी बोलणे म्हणजे भित्रेपणा.’ प्रभूने एका दाखल्यात अशा राजाविषयी सांगितले आहे, जो दहा हजारांनिशी वीस हजारांच्या सैन्याचा विचार करितो आणि शत्रू दूर आहे तोच वकील पाठवून सलोख्याचे बोलणे लावितो. प्रभूने त्यास भित्रा म्हटले नाही. त्याने हिशेब केला असे म्हटले. अणुबाँबाच्या हिशेबात तर दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच हरते. सरहद्दीवर पहारा ठेवणे हे राजसत्तेचे कर्तव्य आहे, आणि आपल्या घरांतली मुले तो पहारा करीत असतील तर त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करितोच. परंतु पहारा व बोलणे ही एकमेकांची वैरी नव्हेत. याकोबानेही रास रचिली ती तळ न मोडता.

आता आपले कर्तव्य. दिल्लीतले करार आपल्या हाती नाहीत. पण गावातली हवा आपल्या हाती आहे. धर्मशिक्षकांनी युद्धाची वार्ता येताच उपासनेत केवळ विजयासाठी नव्हे, तर दोन्हीकडच्या वकिलांसाठी नावानिशी प्रार्थना करावी; त्यांचे काम कोणी वाखाणीत नाही. मोबाइलवर आलेली द्वेषाची बातमी खरी आहे की खोटी हे न पाहता पुढे धाडू नये. सरहद्दीपलीकडच्या पापाचा जाब आपल्या आळीतल्या मुसलमानास विचारू नये. १९४८ चा धडा ह्याच भूमीत लिहिलेला आहे. आणि ज्या भावाशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याकडे ह्याच आठवड्यात कोणी मध्यस्थ पाठवावा. जो आपल्या बांधावर समेट करीत नाही, त्याने राष्ट्रांच्या समेटासाठी केलेली प्रार्थना पोकळ राहते.

सकाळी लाबानाने आपल्या मुलींचे व नातवंडांचे मुके घेतले, त्यांस आशीर्वाद दिला आणि तो आपल्या घरी गेला. तीच मुले पुढे इस्राएलाचे वंश झाली. त्या रात्री धोंड्यांऐवजी तलवारी उचलल्या असत्या, तर ती वाढलीच नसती. शांतीचा देव आमच्या व आमच्या वैऱ्यांच्या मुलांस वाढू देवो. आमेन.